गवत कापायचा मोअर सुरू होत नाही? आधी टाकी हुंगा

स्पार्क प्लगकडे (ठिणगी पाडणारा भाग) नंतर वळा, आधी टाकीतलं पेट्रोल हुंगा. बडोद्यात उन्हाळ्यात ठेवून दिलेलं मशीन पावसात गवत वाढलं की बाहेर निघतं, तोवर पेट्रोल शिळं झालेलं असतं. त्यातलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि जुलैत आपल्याकडे ओलीला काय तोटा! वार्निशसारखा वास आला तर सगळं काढून ताजं भरा. तरी दोरी ओढून खांदाच दुखत असेल, तर कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं बारीक भोक, क्लीनर मारून साफ करा. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. मग प्लग: काजळी पुसा, टोकांमधली गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिमी. पात्याजवळ हात नेण्याआधी मात्र प्लगची वायर काढायचीच. आणि हो, हँडलवरचा दांडा (सोडला की इंजिन बंद पडतं तो) दाबून धरलाय ना? हसू नका, विचारावं लागतं.