लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं गावाचे फोटो कधी काढायचे?

भावा, तुझा प्रश्न वाचला. दोन सीझन एका स्टुडिओबरोबर सेकंड कॅमेरा करतोयस, आता कॅमेरा हातात घेतला की फक्त ऑर्डर आठवते, पूर्वीसारखं गावातून फिरत फोटो काढणं बंद पडलंय. त्यासाठी वेळ कधी मिळतो, वेगळा कॅमेरा घ्यावा का, आणि रंकाळ्याचा सूर्यास्त सोडला तर कोल्हापुरात काढण्यासारखं काय आहे, असं विचारलंयस. आधीच्या दोघातिघांनी 'आवड असली की सवड मिळतेच' असं लिहिलंय. लग्नाच्या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर सांगतो, मिळत नाही. सीझनमध्ये तर नाहीच नाही. पण वर्षाचा हिशेब मांडलास तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर पंचांगातच आहे.

आधी कामाचा दिवस बघू. साडेबाराचा मुहूर्त म्हणजे लोकांच्या लेखी अर्ध्या दिवसाचं काम. आपण सकाळी साडेसहाला कार्यालयात हजर. नवरीचा मेकअप, दागिन्यांचे क्लोजअप, रुखवताचं टेबल, देवक, गौरीहरापाशी बसलेली नवरी, तेवढ्यात बाहेर नवरदेव आला म्हणून धावाधाव. मग मंगलाष्टका. शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट बाजूला होतो आणि त्याच क्षणी चारी बाजूंनी अक्षता येतात. फोकस नवरीच्या डोळ्यांवरून सुटतो आणि मधल्याच एखाद्या तांदळाच्या दाण्यावर जाऊन बसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं कार्यालयातले स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणत असतात. शटर १/१०० सेकंदापेक्षा फार वेगवान केलं की फोटोत आडवे पट्टे आलेच. हे सगळं सांभाळत असताना मागून कोणाची तरी आत्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, 'ओ फोटोवाले, जरा बाजूला व्हा की, दिसंना.' त्यानंतर स्टेजवरचे ग्रुप, हरवलेल्या मामांचा शोध, शेवटच्या पंगतीला गार झालेला मसालेभात, संध्याकाळी वरात.

घरी आल्यावरही झोप नसते. कार्डं दोन हार्ड डिस्कवर उतरवायची, दोन्हीकडचे फोटो उघडून बघायचे, मगच कार्ड फॉरमॅट. अल्बमची तर वेगळीच कथा. 'यातले दीडशे निवडून द्या' म्हटलं की पार्टी गप्प बसते ती बारशाच्या ऑर्डरचा फोन करेपर्यंत. त्याच फोनवर म्हणते, 'आणि हो, अल्बम राहिलाय बघा आमचा.' थोडक्यात, फोटो काढणं हा या धंद्याचा लहान भाग आहे. उरलेला वेळ कॉम्प्युटरसमोर आणि फोनवर जातो. अशा दिवसात 'संध्याकाळी तासभर फिरून ये' हा सल्ला फुकट आहे. तासभर मिळाला तर झोप काढ.

आता पंचांग उघड. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नं तुळशीच्या लग्नानंतर. हल्ली आपत्कालीन मुहूर्त छापून येतात आणि त्यावर लग्नंही लागतात, तरी गर्दी नसते. या चार महिन्यांत कोल्हापूर काय काय करतं बघ. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लीगल्लीतून पंचगंगेचं नवं पाणी घेऊन लोक त्र्यंबोलीच्या टेकडीवर जातात, पुढं पी-ढबाक वाजत असतं. मग गणपती. नवरात्रात ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला जाते, तिथं कोहळा फोडतात. मग दसरा चौकातला शाही दसरा. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी. गावातले बघण्यासारखे बहुतेक दिवस नेमके आपल्याला काम नसतानाच येतात. दुसऱ्या धंद्यातल्या हौशी माणसाला यासाठी रजा टाकावी लागते.

पाडव्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरचे फोटोग्राफर जोतिबाला आणि पंचगंगेच्या दिव्यांना झुंडीनं येतात, म्हशींना फारसं कोणी येत नाही. पंचगंगा घाटावर, कसबा बावड्यात, सागरमाळावर गवळी आपापल्या म्हशी सजवून आणतात. अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, पायांत घुंगरू. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल पुढं पळवतात आणि मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून म्हैस तिच्यामागं धावते. इथं तुझा कॅमेरा पहिला धडा देईल. काळ्याभोर म्हशीनं फ्रेम भरली की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समजतो अंधार आहे, आणि एक्स्पोजर वाढवून तिला राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (उजेडाचं माप) खाली घे, मग कातडीवरची तेलाची चकाकी येते. काळ्या शेरवानीतल्या नवरदेवाचं दुखणं अगदी हेच आहे, पण स्टेजवर ते शिकायला कोणी थांबत नाही. म्हैस मात्र पुन्हा फेरी मारते.

त्रिपुरी पौर्णिमेचा दीपोत्सव तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर येतो, पण तो पहाटेचा असतो. घाटावरच्या पणत्या उजाडायच्या आत काढून कार्यालयात वेळेवर पोचता येतं. ट्रायपॉडवाल्यांच्या रांगेत उभं राहू नकोस. सगळे वरून तोच एक फोटो काढतात. खाली पायऱ्यांवर पणतीत तेल घालणाऱ्या पोरींच्या चेहऱ्यावर जो उजेड असतो, तो कुठल्या सॉफ्टबॉक्सला जमायचा नाही.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर नवीन घेऊ नकोस. कपाटात जुनी क्रॉप (लहान सेन्सरची) बॉडी पडली असेल, तिला ३५ एमएमची साधी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स लाव, झालं. क्रॉपवर ती जवळजवळ ५० एमएमसारखी दिसते, म्हणजे माणसाशी बोलायच्या अंतरावरून फोटो येतो. तेही नसेल तर मोबाइल चालेल. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच कॅमेरा बनवून मूकपट काढले, तिथं आपण नव्या बॉडीसाठी हप्ते भरत बसावं हे मला पटत नाही. कामाचा ७०-२०० चा मोठा झूम तर घरीच ठेव. तो गळ्यात दिसला की दोन प्रश्न ठरलेले. 'कुठल्या चॅनेलचे?' आणि 'पेपरात कधी येणार?' मग समोरचा माणूस केस नीट करून उभा राहतो आणि तू काढायला आलेला फोटो संपतो.

कार्ड मात्र वेगळं घे. ऑर्डरच्या कार्डावर गावाचे फोटो कधीच नकोत, याला अपवाद करू नकोस. लग्नाची कार्डं एका पाकिटात, गावाचं कार्ड दुसऱ्या रंगाच्या पाकिटात.

आता जागा. तू 'लोकेशन' म्हणालास, ते मला खटकलं. घाट किंवा भवानी मंडप बघून प्रीवेडिंगसाठी अँगल सुचायला लागले की तू पुन्हा कामावरच गेलास समज. एक जागा निवड आणि तिथंच परत परत जा. उदाहरणादाखल गंगावेशीचा दूध कट्टा घे. रात्री कार्यालयातून परत येताना मी तिथं थांबतो. कट्ट्यापाशी म्हैस उभी, गवळी उकिडवा बसून गिऱ्हाइकासमोरच धार काढतो. पहिल्या दोन-चार धारा भांड्याच्या तळावर टणटण वाजतात, मग फेस चढत जातो तसा आवाज मऊ होतो. फोटो त्या बदललेल्या आवाजाला काढायचा, कारण तेव्हा गवळ्याचे खांदे सैल पडतात आणि ग्लास धरलेला माणूस कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून भांड्यात बघायला लागतो. उजेड पांढऱ्या ट्यूबचा, पलीकडं दुकानाचा पिवळा दिवा. व्हाइट बॅलन्स हातानं एका जागी ठेव, ऑटोवर टाकलास तर प्रत्येक फोटोत दुधाचा रंग बदलेल. फ्लॅश अजिबात नको, जनावर बिथरतं. पैसे देऊन दूध पी. फुकटचा फोटोवाला आणि गिऱ्हाईक यांच्याकडं बघायची नजर वेगळी असते.

तालमीत जायचं असेल तर पहाटे जा आणि आधी कॅमेऱ्याशिवाय जा. वस्तादांना विचारायचं, चपला बाहेर काढायच्या, आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही. पोरं सुरुवातीला दंड फुगवून उभी राहणार, ते फोटो काढ आणि त्यांना पाठव. पुढच्या खेपेला कोणी पोज देत नाही. मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचला गॅलरीत बसलेली माणसं, चप्पल लाइनीत दुपारी गिऱ्हाईक नसतानाचे दुकानदार, यातलं काय तुझ्या रस्त्यावर पडतं ते तूच बघ. मॅचला मात्र मैदानाकडं पाठ करून बस. खेळापेक्षा गॅलरी बघण्यासारखी असते.

रंकाळा सोडायचं कारण नाही. आबालाल रहिमाननी याच तळ्याची आणि परिसराची चित्रं काढत आयुष्य घालवलं, आणि तुझा-माझा रंकाळा एका सूर्यास्तात संपतो होय? उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा संध्यामठ पायथ्यापर्यंत उघडा पडतो, पावसाळ्यात निम्मा बुडतो. एकाच जागेवरून, एकाच लेन्सनं दर महिन्याला काढत जा. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालयही बघून ये. त्यांची निसर्गचित्रं बघताना सावल्यांचे रंग बघ. आपण लग्नाच्या एडिटिंगमध्ये सावल्या उचलून उचलून सगळं सपाट करतो, ती खोड तिथं लक्षात येते.

काय काढायचं नाही तेही सांगतो. घाटावर अंघोळ करणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायका नकोत. तिथून जवळच स्मशानभूमी आहे, त्या दिशेला कॅमेरा नकोच. लहान पोरांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय नकोत. अंबाबाईच्या देवळात कॅमेऱ्याला बंदी आहे, तर किरणोत्सव डोळ्यांनी बघ. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, ढग आणि धुरकट हवा नसेल तर पायांपासून मुखापर्यंत चढत जातात. उजेड सरकतो कसा हे त्या काही मिनिटांत जितकं कळतं तितकं कुठल्या वर्कशॉपमध्ये कळत नाही.

या फोटोंचं पुढं काय करायचं असं तू विचारलं नाहीस, पण ते महत्त्वाचं आहे. वॉटरमार्क टाकून धंद्याच्या पेजवर लावू नकोस. तसं केलंस की लाइकच्या हिशेबानं फोटो काढायला लागशील, आणि लग्नात 'पार्टीला काय आवडेल' हा जो विचार दिवसभर डोक्यात असतो तोच घाटावरही येऊन बसेल. सीझनभर ते कार्डावर नाहीतर डिस्कवर पडू देत, एडिटिंग करूच नकोस. आषाढात निवांत बस आणि बघ. महिन्या-दोन महिन्यांनी बघितल्यावर अर्धे फोटो आपोआप पडतात. चांगले निघतील त्यांचे लॅबमधून अल्बमच्या शीटबरोबर छोटे प्रिंट काढ आणि ज्याचा त्याला नेऊन दे. गवळ्याला त्याच्या म्हशीचा फोटो दिलास तर पुढच्या पाडव्याला तो तुला स्वतः फोन करून वेळ सांगेल.

लग्नाच्या दिवशीही थोडी फट सापडते. नवरीचा मेकअप संपून तिला गौरीहराजवळ बसवेपर्यंत, किंवा पंगती चालू असताना वीसेक मिनिटं कोणाला आपली आठवण नसते. तेव्हा कार्यालयाच्या मागं जा. आचारी, बुंदीचा झारा, भांडी घासणाऱ्या बायका, बाहेर कट्ट्यावर पान खात बसलेले बँडवाले. विचारून काढ. त्यातले दोन-चार अल्बममध्ये गेले तर पार्टीला आवडतात, नाही गेले तर तुझे. फक्त मुख्य फोटोग्राफरला सांगून जा, नाहीतर इकडं सप्तपदी सुरू व्हायची आणि तू आचाऱ्याजवळ.

दोन गोष्टी सामानाच्या काळजीच्या. वरातीत आणि विसर्जनात लेसर लाइट असतात. तो किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग पडू शकतो, आणि दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नव्या बॉडीचा खर्च. लेसर दिसला की कॅमेरा खाली, मालकानं कितीही आग्रह केला तरी.

दुसरं जोतिबाच्या चैत्र यात्रेचं. ती चैत्र पौर्णिमेला, म्हणजे ऐन सीझनमध्ये येते, पण तारीख मोकळी मिळाली तर सासनकाठ्या बघायला जरूर जा. गुलाल इतका बारीक असतो की झूमची नळी आत-बाहेर झाली की त्याबरोबर आत शिरतो. म्हणून प्राइमच ने, बॉडीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबरबँड लाव, डोंगरावर लेन्स बदलू नकोस. घरी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, गुलालाचा चिखल होऊन बटणांच्या फटींत बसतो. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, आणि लेन्स काढायची ती सगळं बाहेरून साफ झाल्यावर, बॉडीचं तोंड खाली धरून.