एप्रिल की सप्टेंबर? उत्तर समुद्रात आहे

भाऊ, तू विचारलंयस की कॅनडातल्या हॅलिफॅक्सला एप्रिलमध्ये यावं की सप्टेंबरमध्ये, घर पाण्याजवळ घ्यावं का, आणि शेवटी, "तठला समुद्र बी गणपतीपुळासारखाच शे ना?" मी मूळचा अमळनेरचा, तू पारोळ्याचा, म्हणजे शेजारीच. इथे येऊन मला अकरा वर्षं झाली. शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतील.

नाही, तसा नाही. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, एवढंच आपलं समुद्राशी नातं. मीही समुद्र म्हणजे समुद्र, असं धरूनच आलो होतो. पहिल्याच जूनमध्ये लॉरेन्सटाउनच्या किनाऱ्यावर गेलो. हवा 28 अंश, लख्ख ऊन. पुळ्याला धावत शिरतो तसा शिरलो, आणि पाणी कमरेला लागताच श्वास छातीतच अडकला. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. शेजारच्या एका बाईने दंड धरून बाहेर काढलं. पाणी 12 अंशांच्या आसपास होतं. एवढ्या गार पाण्यात माणूस आपोआप धापा टाकतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. पोराला घेऊन येणार आहेस म्हणून एवढं सविस्तर सांगतोय.

कोकणात समुद्राचं पाणी वर्षभर साधारण 25 ते 30 अंशांच्या दरम्यान असतं. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये ते शून्याला टेकतं आणि ऑगस्टअखेर 18-20 पर्यंत चढतं. नकाशात अक्षांश बघून अंदाज बांधू नकोस. फ्रान्समधलं बोर्डो जवळपास याच अक्षांशावर आहे, पण तिथला हिवाळा कितीतरी सौम्य. तिथे समुद्रावरून उबदार वारं येतं. इथे वारं थंड जमिनीवरून आणि समुद्रातला लॅब्राडॉरचा गार प्रवाह उत्तरेकडून.

आता एप्रिलचं. समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. दिवस सगळ्यात मोठा जूनमध्ये, पण पाणी सगळ्यात कोमट त्यानंतर दोन महिन्यांनी. एप्रिलमध्ये पाणी जेमतेम तीन-चार अंश. जळगावच्या 42 अंशांतून निघून इथे उतरशील तेव्हा 'वसंत' नुसता कॅलेंडरवर दिसेल. मे-जूनमध्ये ओलसर गरम हवा गार पाण्यावर आली की धुकं धरतं, तेही दिवसेंदिवस. सप्टेंबरमध्ये मात्र समुद्राने उन्हाळा साठवून ठेवलेला असतो. तेव्हाच ये.

किनाऱ्यावर पहिल्यांदा उभा राहशील तेव्हा पाणी हिरवट-काळपट दिसेल. घाण आहे म्हणून नाक मुरडू नकोस, मी मुरडलं होतं. लक्षद्वीपचं निळंशार, काचेसारखं पाणी खरं तर उपाशी असतं. उष्ण समुद्रात वरचं पाणी गरम आणि हलकं, ते खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतं, शेवभाजीच्या रश्शावर तर्री तरंगते तसं. खाली बुडालेलं खत वर येतच नाही. ऊन बारमाही, पण शेत निकस. इथे हिवाळ्यातली वादळं आणि थंडी समुद्र खोलवर ढवळतात. आपली उन्हाळी नांगरटच समज. खालचं नायट्रेट वर येतं, मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढलं की सूक्ष्म शैवाल एकदम माजतं आणि त्यावर माशांची अख्खी साखळी पोसली जाते. शिवाय गार पाण्यात प्राणवायूही जास्त विरघळतो.

आपला अरबी समुद्र यात तंतोतंत बसत नाही. पावसाळ्यातले नैऋत्य वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खोलातलं गार पाणी वर खेचतात, म्हणून उष्ण असूनही तो बऱ्यापैकी कसदार आहे. मान्सून आपल्या कपाशीलाच नाही, माशांनाही पोसतो.

बाजारातही हाच फरक दिसेल. मुंबईच्या मासळी बाजारात प्रकार मोजता येत नाहीत. इथे प्रकार मोजके, पण एकेकाचे थवे प्रचंड. म्हणजे, होते. शेजारच्या न्यूफाउंडलंडमध्ये कॉड इतका उपसला की 1992 मध्ये त्यावर बंदी आली आणि सुमारे 30 हजार लोकांचं काम गेलं. कॉड किंवा हॅडॉक काळ्या मसाल्याच्या रश्शात सोडू नकोस, त्याचा भुगा होतो. दोनदा केलंय. मॅकरल घे, तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद.

फंडीच्या उपसागरातली 16 मीटरपर्यंतची भरती बघायला जाशीलच. ती मात्र थंडीमुळे नाही, उपसागराच्या आकारामुळे. आपल्या खंभातच्या आखातातही भरती मोठीच असते. पेगीज कोव्हला ओल्या काळ्या खडकांवर पाय ठेवायचा नाही. समुद्र शांत वाटतो आणि एखादीच लाट माणूस ओढून नेते. तिथे पाट्या उगाच लावलेल्या नाहीत.

घराचं म्हणशील तर पाण्यापासून थोडं आत आणि उंचावर घे. सप्टेंबरमध्ये कोमट पाण्यावर पोसलेली चक्रीवादळं कधीकधी इथवर येतात: 2003 मध्ये हुआन, 2022 मध्ये फिओना. फिओनाच्या वेळी आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, ज्वारीचं पीठ आणि गॅसची शेगडी होती म्हणून निभावलं. जळगावात जाडजूड जॅकेट घेऊ नकोस, इथल्या वाऱ्यापुढे ते टिकत नाही. ते पैसे ठेव, आणि बॅगेत बॅटरी आणि काळा मसाला टाक. मसाला दोन किलो आण, एक माझ्यासाठी.