आधी नोंदवही, मग इमारत

प्रिय मित्रा,

गावच्या चित्रकाराचं संग्रहालय करायचं ठरवलंस, आणि पहिला प्रश्न विचारलास तो जागेचा. जागेचं मागाहून पाहू. आधी पक्क्या बांधणीची, पानांवर छापील क्रमांक असलेली नोंदवही घे.

प्रत्येक चित्राला कायमचा क्रमांक दे. उदाहरणार्थ २०२६.३.१४ : सन २०२६, त्या वर्षीची तिसरी देणगी, त्यातलं चौदावं चित्र. पुढे माध्यम, मापं सेंटीमीटरमध्ये (आधी उंची, मग रुंदी), सही कुठे आहे, कुणाकडून आलं, कुठे फाटलंय, कुठे डाग. क्रमांक कागदाच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीनेच घाल; बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि शाई झिरपते. फोटो पुढचा काढ तसा मागचाही काढ. जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या मागेच चिकटवलेल्या असतात, आणि फ्रेमवाला त्या पहिल्यांदा फाडून टाकतो.

आता कागदपत्रं. "चित्रं तुमचीच समजा" या शब्दावर एकही चित्र आत घेऊ नकोस. बक्षीसपत्र हवं, त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात; लग्न होऊन गेलेल्या मुलींच्याही. शिवाय चित्र मिळालं म्हणजे छपाईचा हक्क मिळाला असं नाही. कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि तो वेगळ्या लेखी कराराने घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो. कॅलेंडर छापल्यावर भांडणं निघतात ती इथूनच. संस्थेची न्यास म्हणून नोंदणी या आधी झालेली असावी, नाहीतर बक्षीसपत्र करायचं कुणाच्या नावे?

कोकणातला तुझा खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर बुरशी धरते. चित्रं बाहेरच्या भिंतींवर लावू नकोस. आतल्या भिंतीवरही चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेव. काच कागदाला टेकली तर रंग काचेला चिकटतो, म्हणून मध्ये आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, हवा. हार्डबोर्डची पाठ, सेलोटेप, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. लॅमिनेशन केलेलं चित्र गेलंच समज. दिवसा एसी आणि रात्री बंद, हा थाट तर एसी नसण्यापेक्षा वाईट: आर्द्रता रोज वरखाली होते, कागद फुगतो आणि आक्रसतो.

जलरंगांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) वर नको, तैलरंगांना २०० चालेल. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, त्यामुळे जलरंग तीन-चार महिने टांगून मग पेटीत विसावू दे. म्हणजेच जेवढी चित्रं लावशील त्याच्या तिप्पट तरी संग्रहात हवीत.

अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं शिल्पालय बघून ये. राहत्या घराचं संग्रहालय कसं होतं ते तिथे कळेल. फक्त मांडणीची नक्कल करू नकोस. समुद्राची जी हवा सिमेंटचं शिल्प सोसतं, ती तुझ्या कागदांना सोसणार नाही.