पिकअपचं लोन आत्ताच फेडू का? गाडी कोरी करा दादा, पण हात रिकामा करून नको

नमस्कार दादा,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. दादा मखमलाबादचे, स्वतःची पिकअप स्वतःच चालवतात, गिरणारे-दिंडोरी पट्ट्यातला भाजीपाला कधी पंचवटीच्या मार्केट यार्डात तर कधी रात्री कसारा घाट उतरून वाशीला. गाडीवर ८ लाखांचं लोन, ५ वर्षांचं, हप्ता १७,७९६ रुपये. ३१ हप्ते भरून झाले, २९ राहिलेत. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी होऊन आत्ता हातात ६ लाख २० हजार आलेत. घरखर्च महिन्याला २६ हजार, मेव्हण्याचे ४० हजार उसने आहेत, आणि पुढच्या महिन्यात गाडीचा इन्शुरन्स येतोय, ३२ हजार. एक मित्र म्हणतो लोन कशाला बंद करतो, पैसे पतसंस्थेत टाक, दुसरा म्हणतो २०२७ चा सिंहस्थ येतोय, दुसरी गाडी काढ. वहिनी म्हणतात आधी हे मोकळं करा.

आणि तुम्ही शेवटी लिहिलंय की २५ तारखेपासून झोप लागत नाही, ५ तारखेला हप्ता कटला की मग जेवण गोड लागतं. या एका वाक्यासाठीच मी एवढं मोठं उत्तर लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगतो, बंद करा. वहिनी बरोबर आहेत. पण "लोन बंद केलं की ७० हजार व्याज वाचतं" असं जे तुम्ही लिहिलंय ना, तो हिशोब तसा नाहीये, तो नीट समजून घ्या, म्हणजे उद्या कोणी काही बोललं तरी मन डळमळणार नाही.

शोरूममध्ये तुम्हाला रेट ६.७ टक्के सांगितला होता, तो फ्लॅट. म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ८ लाखांवर व्याज, वर्षाला ५३,६००, पाच वर्षांचे २ लाख ६८ हजार. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडताय, ८ लाख काही पाच वर्षं तुमच्याकडे नव्हते, त्यामुळे घटत्या शिलकीवर हाच रेट १२ टक्के पडतो. गाडीवाल्या लोकांना हे फार कमी जण सांगतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. बरं, व्याज सुरुवातीच्या हप्त्यांत जास्त आणि मुद्दल कमी असतं, त्यामुळे ३१ हप्त्यांत तुमचं जवळपास १ लाख ९८ हजार व्याज देऊन झालंय, म्हणजे एकूण व्याजातला पाऊण हिस्सा गेलाच. आता मुद्दल शिल्लक साधारण ४ लाख ४६ हजार आणि पुढच्या २९ हप्त्यांतलं व्याज ७० हजार.

आता यातून ब्रँचने सांगितलेला फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी लोन बंद केल्याचा आकार, काढा, ४ टक्के अधिक जीएसटी, झाले २१ हजार. राहिले ४९ हजार. हा चार्ज माफ होतो का असं तुम्ही विचारलंय. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, रेटच्या लोनवर व्यक्तींना आणि छोट्या धंद्यांना बऱ्याच ठिकाणी हा चार्ज लावायला बंदी केलीय, पण तुमचं लोन त्याआधीचं आणि फिक्स रेटचं, त्यामुळे त्या नियमावर भांडायला जाऊ नका, उगाच चक्कर होईल. विनंती मात्र नक्की करून बघा.

अजून एक पायरी आहे. समजा लोन बंद नाही केलं आणि त्यासाठी लागणारे मुद्दल अधिक चार्जचे ४ लाख ६७ हजार बँकेत २९ महिने एफडीला ठेवले, ७ टक्के धरू, तर साडेपाच लाखांच्या थोडे वर होतात. आणि बंद केलं, आणि वाचलेला हप्ता दर महिन्याला न चुकता त्याच रेटने आरडीत टाकला, तर साधारण ५ लाख ६० हजार होतात. म्हणजे फरक किती, आठेक हजार. अडीच वर्षांत आठ हजार! एवढ्यासाठी कोणी ब्रँचच्या चकरा मारणार नाही.

मग मी बंद करा का म्हणतोय? कारण तुमच्या धंद्यात हप्ता ठरलेला आणि कमाई न ठरलेली. तुम्हीच लिहिलंय पावसात काम निम्म्यावर येतं, भाव पडला की शेतकरी माल काढतच नाही, मग गाडी दारात उभी. आणि २५ तारीख आली की तुम्ही लागोपाठ दोन-दोन रात्री वाशी करता, मिळेल तो माल घेता, ओव्हरलोड असला तरी. दादा, झोप न झालेल्या माणसाने रात्री भरलेली गाडी घेऊन कसारा उतरणं याची किंमत मी कुठल्या रकान्यात लिहू? हप्ता नसेल तर तुम्ही एखाद्या भाड्याला सरळ नाही म्हणू शकता, इगतपुरीला गाडी बाजूला लावून दोन तास झोपू शकता. तो आठ हजारांचा फरक उलटा असता, म्हणजे बंद करण्यात आठ हजार नुकसान असतं, तरी मी हेच सांगितलं असतं.

मी स्वतः निफाडकडचा. आमच्या सातबाऱ्यावर विकास सोसायटीचा बोजा मी कळता झाल्यापासून बघत होतो, द्राक्षाचं एक वर्ष चांगलं गेलं की दोन वर्षं वाईट. ज्या दिवशी तो बोजा उतरला त्या दिवशी वडील तलाठी ऑफिसातून कोरा उतारा घेऊन आले, कोणाशी काही बोलले नाहीत, देवघरात ठेवला आणि दुपारी दोन तास गाढ झोपले. भर दुपारी झोपलेले वडील मी तेव्हा पहिल्यांदा बघितले. त्यामुळे कर्जमुक्तीचं समाधान ही मनाची समजूत आहे असं कोणी म्हणालं की मला पटत नाही, ते अंगाला कळतं.

आता मित्रांचं बघू. पतसंस्थेत ९-१० टक्के मिळतात हे खरंय, पण बँकेतल्या ठेवीला जे ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचं) विमा संरक्षण असतं ते पतसंस्थेच्या ठेवीला नसतं, आणि १२ टक्क्यांचं लोन चालू ठेवून १० टक्क्यांवर पैसे लावायचे, तेही विनाविमा, याला अर्थ नाही. हाच मित्र म्हणतो ना की लोन बंद केलं तर टॅक्सचा फायदा जाईल, तर तुम्ही रिटर्न ठोक पद्धतीने भरता, ज्याला सगळे ४४एई म्हणतात, पिकअपसारख्या गाडीला महिन्याला ७,५०० उत्पन्न धरतात, त्यात व्याजाची वेगळी वजावट मिळतच नाही. म्हणजे तुम्हाला टॅक्समध्ये काही मिळत नव्हतं, काही जाणार पण नाही.

सिंहस्थासाठी दुसरी गाडी, याला आत्ता माझं स्पष्ट नाही. गर्दीच्या काळात काम मिळेल, नाही असं नाही, पण हप्ता पाच वर्षं चालतो आणि सिंहस्थ पाच वर्षं चालत नाही. शिवाय दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर लागणार, त्याचा पगार, त्याची सुट्टी, हे तुम्ही धरलेलंच नाही.

आता पैसे कुठल्या क्रमाने जातील ते बघा. आधी मेव्हण्याचे ४० हजार द्या. तो मागत नाही म्हणूनच आधी द्या, आणि पेढे घेऊन घरी जाऊन द्या, फोनवरून ट्रान्सफर नको. राहिले ५ लाख ८०. त्यातून लोन आणि चार्जचे ४ लाख ६७, राहिले १ लाख १३. इन्शुरन्सचे ३२ गेले की ८१ हजार, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च. हे मला थोडं कमी वाटतं. माझ्याकडचे एक जण असेच उत्साहात होतं नव्हतं ते सगळं लोनमध्ये भरून बसले आणि दोन महिन्यांत इंजिनचं काम निघालं, मग महिना ३ टक्क्यांनी सावकाराकडून पैसे उचलावे लागले, म्हणजे १२ टक्क्यांचं फेडून ३६ टक्क्यांचं घेतलं. म्हणून हे ८१ हजार वेगळ्या खात्यात, शक्यतो वहिनींच्या नावावर, आणि पहिले पाच महिने वाचलेला पूर्ण हप्ता त्याच खात्यात टाकायचा, ५ तारखेलाच, कटला असं समजून. पाच महिन्यांनी तिथे १ लाख ७० हजार होतील, सहा महिन्यांची सोय झाली. त्यानंतर महिना १२ हजारांची आरडी आणि उरलेले पाच-सहा हजार घरात मोकळे वापरा, मुलांना घेऊन फिरा, इतकी वर्षं ओढाताण केलीय सगळ्यांनी. आरडी दोन वर्षं चालली तर तीन लाखांच्या वर जाते, तेव्हा दुसरी गाडी घ्यायची तर बरेचसे पैसे तरी स्वतःचे असतील.

लोन बंद करताना मात्र कागदात ढिलाई नको, लोक इथेच फसतात. फोरक्लोजर लेटर लेखी घ्या, त्यावरचा आकडा ठरावीक तारखेपर्यंतच चालतो. पैसे बँकेतून लोन खात्यातच भरा, वसुलीवाल्या पोराच्या हातात कॅश अजिबात नको, तो कितीही ओळखीचा असला तरी. हप्त्याचं ऑटो डेबिट बंद केल्याचं लेखी घ्या नाहीतर ५ तारखेला परत कटतं आणि मग रिफंडसाठी फिरा. पूर्ण फेडल्यावर तारण कागद ३० दिवसांत परत करून बोजा उतरवायचा, लोन देणाऱ्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, पण तो पर्सनल लोनसाठी आहे, धंद्याच्या गाडीच्या तुमच्या लोनला लागतो का ते ब्रँचला गोड शब्दांत विचारा. तुमच्या हातात एनओसी (लोन बाकी नसल्याचा दाखला) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रती, आल्या पाहिजेत. एनओसीवर मुदत छापलेली असते, ती संपायच्या आत पेठ रोडला आरटीओत एचपी, म्हणजे गाडीच्या आरसीवरची फायनान्सवाल्यांची नोंद, उतरवून घ्या. खूप जण लोन फेडतात आणि हेच करत नाहीत, मग पाच वर्षांनी गाडी विकताना धावपळ. इन्शुरन्सवरून पण फायनान्सवाल्यांचं नाव काढा, नाहीतर उद्या गाडीला काही झालं तर क्लेमचे पैसे तुमच्याऐवजी त्यांच्याकडे जातील. महिना-दीड महिन्याने सिबिल बघा, लोन क्लोज्ड दिसलं पाहिजे.

एक गोष्ट राहिली, आणि ती पैसे भरायच्या आधीची आहे. तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये फोरक्लोजर चार्जचे टप्पे दिलेत का ते बघा. काही ठिकाणी ३६ हप्ते झाले की चार्ज उतरतो. समजा तुमच्याकडे तो तेव्हा २ टक्के होत असेल तर अजून पाच हप्ते भरून बंद केलं तर २१ हजारांच्या जागी ९ हजारांच्या आत काम होईल, आणि मग मी पाच महिने थांबा म्हणेन, कारण पैसे हातात असताना ते पाच हप्ते तुम्हाला झोप उडवणार नाहीत. त्या पानाचा फोटो आणि फोरक्लोजर लेटरचा आकडा मला पाठवा, नाव आणि लोन नंबर झाकून, मी त्याच दिवशी बघून सांगतो.