कार्ड हातात आहे, मग गोळ्या विकत का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही पारोळा तालुक्यातले. केशरी रेशनकार्ड आहे, शेती कोरडवाहू, मी दुसऱ्यांकडे कापूस वेचायला पण जाते. सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, दर महिन्याला मेडिकलचं बिल देता देता नाकी नऊ येतात. त्या स्वतःच म्हणतात, "बठ्ठा पैसा मेडिकलमा जास", म्हणजे सगळा पैसा मेडिकलमध्येच जातो. गावात शिबिर झालं तेव्हा त्यांचं आयुष्मान कार्ड काढलं, पाच लाखाचं आहे असं सांगितलं होतं. मेडिकलवर दाखवलं तर तो म्हणे हे इथे चालत नाही. मग आम्ही कार्ड काढलं कशाला?

उत्तर : मेडिकलवाला खरं बोलला ताई, पण शिबिरातच तुम्हाला कोणी हे नीट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना आपल्या राज्यात आता एकत्र चालतात आणि त्यात सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज आहे, पण तो ॲडमिट झाल्यावरचा, तोही यादीतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या आजारांसाठी. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ओपीडीची फी, यातलं काहीच त्यात येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गरीब घर ऑपरेशनने एकदा हादरतं पण दर महिन्याच्या गोळ्यांनी हळूहळू खचतं, आणि मग पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड होते, नंतर बंदच होते, आणि लकवा मारला की धावपळ सुरू होते.

कार्ड सांभाळून ठेवा, वेळ आली तर कामाला येईल. गोळ्यांसाठी मात्र रस्ता वेगळा आहे आणि त्याला कार्ड लागत नाही. तुमच्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत केलंय, रेशनकार्डाचा रंग कोणताही असो. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या नेहमीच्या गोळ्या तिथे असतात. सासूबाईंची नोंद करून घ्या म्हणजे दर महिन्याला पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल तिथे गोळ्या संपलेल्या असतात. असतात, हे मलाही माहीत आहे, बरीच पत्रं याचीच येतात. पण त्याच निर्णयात असंही आहे की पेशंटला बाहेरून औषध आणायची चिठ्ठी द्यायची नाही, साठा नसेल तर दवाखान्याने रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून तिथल्या तिथे विकत घेऊन द्यायचं. त्यामुळे खिडकीवरूनच परत फिरू नका, मेडिकल ऑफिसरला भेटा, हे शांतपणे सांगा, आणि तरी नाही झालं तर 104 वर फोन करून तक्रार नोंदवा. एक लक्षात ठेवा, जळगावचं सिव्हिल किंवा धुळ्याचं हिरे मेडिकल ही कॉलेजची हॉस्पिटलं दुसऱ्या खात्याकडे आहेत, हा निर्णय त्यांना जसाच्या तसा लागू नाही, तिथे थोडीफार फी लागू शकते.

जी गोळी सरकारी दवाखान्यात नाहीच मिळत ती जनऔषधी केंद्रातून घ्या, तिथे ना कार्ड ना उत्पन्नाचा दाखला, आणि बऱ्याच गोळ्या निम्म्यापेक्षाही कमी पैशात मिळतात. जाताना रिकामी स्ट्रिप सोबत न्या, फेकू नका. स्ट्रिप उजेडात धरून बघा, कंपनीने दिलेलं नाव एक असतं आणि आतल्या औषधाचं नाव वेगळं. एकच औषध असलेल्या गोळीवर हे खरं नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचा नियम 2018 पासून आहे. ते नाव, पुढचा मिलिग्रॅमचा आकडा, आणि शेवटी एसआर किंवा ईआर अशी अक्षरं (म्हणजे औषध हळूहळू सुटणारी गोळी) असतील तर तीही, सगळं जुळलं पाहिजे. शुगरच्या गोळीत खूपदा दोन औषधं एकत्र असतात, आरोग्य केंद्रात ती वेगवेगळी मिळतील, तेव्हा बदल डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, घरी अंदाजाने जोड्या लावू नका.

प्रश्न : धुळ्याहून लिहितोय. वडिलांची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून एका खाजगी हॉस्पिटलात झाली. ॲडमिट असताना चार-पाच वेळा औषधं बाहेरून आणायला लावली, बिलं माझ्याकडे आहेत. घरी आल्यावर तर सगळंच विकत. हे बरोबर आहे का?

उत्तर : दादा, ॲडमिट असतानाचं अजिबात बरोबर नाही. योजनेत केस मंजूर झाली की त्या इलाजाची औषधं, तपासण्या, जेवण सगळं पॅकेजमध्ये असतं आणि दवाखान्याला त्याचे पैसे सरकारकडून मिळतात, पेशंटकडून परत घ्यायचे नसतात. बिलांच्या झेरॉक्स काढा, त्या दवाखान्यात योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याच्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि 155388 किंवा 14555 वर तक्रार करा. पक्की बिलं जपून ठेवलीत हे फार चांगलं केलंत, नुसत्या बोलण्यावर काही होत नाही.

डिस्चार्जनंतरही सुरुवातीच्या दिवसांची औषधं पॅकेजमध्ये धरलेली असतात, आयुष्मानच्या नियमात ते 15 दिवस आहेत. तेवढ्या दिवसांचं बिल असेल तर तेही अर्जात लिहा. त्यापुढचं मात्र आपलं आपण. स्टेंट टाकलेल्या माणसाची रक्त पातळ करायची गोळी पैशाअभावी एक दिवसही चुकवू नका, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल जनऔषधीत स्वस्त मिळतात.

प्रश्न : मी जळगाव एमआयडीसीत डाळ मिलमध्ये कामाला आहे, पगार 14 हजार. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापतात. आईला थायरॉईडची गोळी कायमची आहे, ती माझ्या खर्चाने चालू आहे. कापलेल्या पैशाचा काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो भाऊ, आणि गोळ्यांच्या बाबतीत तुमचं ईएसआय आयुष्मानपेक्षा जास्त कामाचं आहे. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआय लागू होतं. पगाराच्या 0.75 टक्के तुमच्याकडून जातात, म्हणजे 14 हजारांवर 105 रुपये, आणि मालक 3.25 टक्के भरतो. त्यात ओपीडी पण येते, औषधं पण येतात, आणि बायको-मुलांसोबत तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील पण. आईचं नाव तुमच्या रेकॉर्डला जोडलेलं आहे का ते आधी बघा, बहुतेक वेळा तिथेच अडतं, कारण नोकरीला लागताना फॉर्म दुसराच कोणीतरी भरतो. ऑफिसात सांगून आईचं आधार आणि फोटो द्या, नाव चढलं की ई-पहचान कार्डाची (ईएसआयच्या ओळखपत्राची) प्रिंट घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा.

प्रश्न : अक्कलकुव्याहून. भावाला टीबी निघाला, आमचं रेशनकार्डच नाही. औषधं मिळतील का?

उत्तर : मिळतील, रेशनकार्डाची गरज नाही. टीबीची तपासणी आणि पूर्ण कोर्स सगळ्यांना मोफत आहे, वर इलाज चालू असेपर्यंत खाण्यापिण्यासाठी महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात, ऑक्टोबर 2024 पर्यंत ते 500 होते. त्यासाठी भावाचं खातं आरोग्य केंद्रात नोंदवा. पैसे यायला उशीर झाला तरी गोळ्या थांबवू नका. आणि घरातल्या बाकी सगळ्यांची, लहान मुलांची आधी, याच आठवड्यात तपासणी करून घ्या.