गणपती गेले, रस्ता उघडला आणि मुलगा गप्प झाला

अनंत चतुर्दशी झाली की पुढच्या आठ-दहा दिवसांत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कधी फोनवर, कधी क्लिनिकमध्ये, कधी भाजी घेताना कुणीतरी गाठून विचारतं. "मॅडम, दहा-पंधरा दिवस मंडपामुळे गल्ली बंद होती, पोरगं रस्त्यावरच पडीक, ना अभ्यास ना वेळेवर झोप, आणि आता गणपती गेले तर घरात कुणाशी धड बोलत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा नको म्हणतो, मंडपाने बिघडला का हो हा?" आता ज्यांचा फोन येईल त्यांना एका मुलाबद्दल सांगावं म्हणून हे लिहितेय. मुलाच्या आईची परवानगी घेतलीये आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. त्याला इथे छोटू म्हणूया.

छोटू 10 वर्षांचा, पाचवीत, सकाळची शाळा. राहायला पुण्यात, पेठेतल्या एका अरुंद गल्लीत. पेठा ज्यांनी बघितल्यात त्यांना माहितीये, मंडप घातला की गल्लीत एक रिक्षा जेमतेम जाईल एवढीच जागा उरते, त्यामुळे चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधीपासून वासे आले की तोंडाला बांबू बांधून गाड्या बंद, आणि ते थेट विसर्जनानंतर मंडप सुटेपर्यंत. म्हणजे दहा दिवसांचा उत्सव असला तरी रस्ता पंधराएक दिवस बंदच. आईचं म्हणणं होतं की या पंधरा दिवसांत तो हाताबाहेर गेला. रात्री अकरा-अकराला घरी, युनिट टेस्टमध्ये गणितात मार्क कमी, आणि आता संध्याकाळी नुसता गॅलरीत उभा राहून खाली रस्त्याकडे बघत बसतो. हाक मारली तरी लक्ष नसतं. आजी म्हणाली दृष्ट लागली, बाबा म्हणाले मोबाईल काढून घ्या म्हणजे ताळ्यावर येईल.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मलाही वाटलं की हा झोपेचा आणि आवाजाचा प्रकार आहे. 6 ते 12 वयाच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते आणि छोटूला त्या दिवसांत सहा-सात तास मिळत होती, सकाळी सव्वासातची शाळा. अशी अपुरी झोप पंधरा दिवस झाली की चिडचिड, पोटदुखी, रडणं हे सगळं होतं. म्हणून मी आधी झोपेचंच सांगितलं, नऊला अंथरुणात, सकाळी उजेडात थोडं चालणं वगैरे. आठवड्याने परत आले तर झोप रुळावर आली होती, पण तो तसाच गप्प. तेव्हा कळलं की मी त्याला काही विचारलंच नव्हतं, सगळं आईला विचारलं होतं.

मग मी त्याला दोन कोरे कागद दिले आणि म्हणलं, एकावर तुझी गल्ली काढ गणपतीतली आणि दुसऱ्यावर आत्ताची.

पहिल्या कागदावर तो पाऊण तास बसला. मंडप, त्याच्या मागे पेट्या ठेवायची जागा, नारळाच्या शेंड्या टाकायचं पिंप, आरतीच्या वेळी कोण कुठे उभं असतं, झांजा कुणाकडे, प्रसादाची परात कुणाकडे, दुपारी मंडपाच्या सावलीत झोपणारं कुत्रं. अंडरआर्म क्रिकेटची पिच. आणि गल्लीच्या तोंडाशी दोन बांबू, मध्ये निळी दोरी, आणि दोरीपाशी एक छोटा माणूस. दुसऱ्या कागदावर दोन मिनिटांत दोन सरळ रेघा मारल्या, दोन्ही बाजूंना टू-व्हीलर, आणि रस्त्याच्या मधोमध सहा छोटे गोल. बास.

"हे गोल काय रे?"

"वाशांचे खड्डे. बुजवलेत पण नीट नाही, डांबर नाहीये, नुसती खडी. हा आणि हा आमचा स्टंप होता."

(मंडपासाठी रस्ता खोदला तर महापालिका दंड लावते, आणि आता बरीच मंडळं वाळू भरलेल्या पिंपात वासे उभे करतात, ते चांगलंच आहे, पण या मुलाला अख्ख्या रस्त्यात आपलं म्हणून ओळखता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं, हे मला त्या कागदावर दिसलं.)

मग दोरीपाशी कोण आहे विचारलं, आणि पोरगं जे बोलायला लागलं ते थांबेना. दोरी त्याच्याकडे होती. कॉलेजातला एक दादा शेजारी खुर्ची टाकून असायचा, पण दोरी सोडायची आणि परत बांधायची ती छोटूने, संध्याकाळी पाच ते आरतीपर्यंत. कोणाला सोडायचं, कोणाला नाही ते त्याला पाठ. गॅसवाल्याला सोडायचं पण टेम्पो बाहेर, सिलेंडर हातगाडीवर. ॲम्ब्युलन्स आली तर विचारायचंच नाही, दोरी कापली तरी चालेल, दादाने सांगून ठेवलेलं. आणि सव्वापाचला एक रिक्षा यायची, त्यात शेजारच्या वाड्यातले आजोबा, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला जाणारे.

"दोरी खाली टाकली तरी रिक्षा जाते वरून. पण चाक दोरीवर चढलं की आजोबांना हिसका बसतो. म्हणून मी पूर्ण बाजूला ओढायचो. मग ते हात करायचे."

"आणि आता?"

"आता दोरीच नाहीये ना. रिक्षा येते आणि जाते."

आईने माझ्याकडे बघितलं. ती गॅलरीत उभं राहायची वेळ म्हणत होती ना, ती सव्वापाचचीच होती, तिच्या तेव्हा लक्षात आलं.

आता यात मंडपाने मुलगा बिघडला म्हणायचं का? मला वाटतं आपण उलट बाजूने बघायला हवं. वर्षातले साडेतीनशे दिवस या मुलाला रस्ता नसतो. घराचा दरवाजा उघडला की पायरी, पायरी संपली की गाडीचं हँडल. खेळायला बाग दीड किलोमीटरवर, तिथे सोडायला कोणीतरी मोठं माणूस पाहिजे आणि आई-बाबा दोघं नोकरीला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल असं हालायला हवं, आणि हे पोरगं दिवसातून हलतं किती तर शाळेच्या व्हॅनपर्यंत. छोटूचे आजोबा, त्यांना घरी आबा म्हणतात, एका सेशनला आले होते, ते म्हणाले आमच्या लहानपणी याच गल्लीत सायकली आणि एखादा टांगा, रस्ता रोजच बंद असल्यासारखा, लगोरी, विटी-दांडू, रात्री जेवण झाल्यावर परत लपाछपी. म्हणजे आबांना जे रोज होतं ते नातवाला वर्षातून पंधरा दिवस मिळतं, तेही मंडप आला म्हणून. आणि त्या पंधरा दिवसांत त्याला खेळ तर मिळतोच पण काम मिळतं, ओळख मिळते, पाचवीतल्या मुलाला मोठी माणसं "दोरी सोड रे" म्हणून विचारतात. मग एका रात्रीत मिरवणूक निघते, सकाळी उठून बघतो तर गाड्या परत जागच्या जागी. मोठ्यांनाही विसर्जनानंतर घर रिकामं रिकामं वाटतं, आपण ते बोलून दाखवतो, मुलं पोटात दुखतंय म्हणतात.

म्हणून मोबाईल काढून घेणं, "आता पुढच्या वर्षी मंडपात पाऊल टाकायचं नाही" असली धमकी, हे कृपा करून करू नका. त्याचं काहीतरी गेलंय आणि वरून आपण त्याला शिक्षा करतोय असं होतं ते.

आम्ही केलं ते फार मोठं नव्हतं. आईने त्याच्याशी नुसतं बोलायचं ठरवलं, अभ्यासाचा विषय न काढता, दोरीच्या गोष्टी ऐकायच्या. मग बाबा शेजारच्या वाड्यात जाऊन बोलून आले, आणि डायलिसिसच्या तीन दिवशी सव्वापाचला छोटू खाली जातो, आजोबांची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याबरोबर वर जिन्यापर्यंत. आजोबांच्या हातावर फिस्चुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी, तो हात धरायचा नाही, दुसरा धरायचा, हे त्याला त्यांच्या सुनेने नीट समजावलं, आणि ते तो मला इतकं गंभीरपणे सांगत होता की मी नुसती ऐकत राहिले. पोटदुखी तीन-चार आठवड्यांत कमी होत गेली.

खेळायचा प्रश्न राहिलाच. रस्ता स्वतःच्या मनाने बंद करता येत नाही, त्याला वाहतूक पोलिसांची परवानगी लागते, दोरी बांधली आणि झालं असं नाही, हे मुलांनाही सांगितलं. म्हणून बाबांनी आणि अजून दोघा-तिघांनी समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग रविवारी सकाळी 7 ते 9 रिकामं ठेवायला लोकांना राजी केलं. दोघांनी कटकट केली, अजूनही करतात. एका काकूंची गाडी कधीकधी मध्येच असते आणि मुलं तिलाच फिल्डर धरून खेळतात.

मोठ्या प्रमाणावर हे करता येतं हे आपण बघितलंय. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांना बंद असतो, आणि मुंबईत 2022 च्या मार्चमध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हसारखे काही रस्ते लोकांसाठी मोकळे ठेवायला सुरुवात केली होती. तिथे मुलं काय करतात ते जाऊन बघा. काही शिकवावं लागत नाही, रस्त्यावर आडवी पडून खडूने चित्रं काढतात.

पण बंद रस्ता सगळ्याच मुलांना मानवतो असंही नाही, आणि हे मी आवर्जून सांगते कारण छोटूच्या गोष्टीवरून कोणी म्हणेल की बघा, मंडप चांगलेच. त्याच सुमारास माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी यायची. तिचं घर स्पीकरच्या समोर. तिच्यासाठी रस्ता बंद म्हणजे व्हॅन दारात येणार नाही, मेन रोडपर्यंत गर्दीतून चालत जायचं, रोजचं वळण नाही, रोजचे व्हॅनकाका वेगळ्याच ठिकाणी उभे. ती कानांवर हात ठेवून उभी राहायची आणि पाऊलच टाकायची नाही. घरचे म्हणायचे सवय होईल. सवय नाही झाली, ती रात्री अंथरूण ओलं करायला लागली. तिच्या बाबतीत आम्ही पुढच्या वर्षी आधीपासून सुरुवात केली, बांबू लागायच्या आधीच्या रविवारी आईने तिला नवीन रस्त्याने दोनदा चालवून आणलं, व्हॅन कुठे थांबणार तिथे उभं राहून आइस्क्रीम खाल्लं, कानावर लावायचे मफ आणले, आणि बाबांनी मंडळाच्या मुलांना जाऊन सांगितलं की स्पीकरचं तोंड जरा तिकडे करा. मुलं भली होती, त्यांनी केलं. बऱ्याचदा करतात, पण विचारायला आपण जातच नाही, घरात बसून चडफडतो.

आणि जिथे कोणी ऐकत नाही तिथे नियम माहिती असू द्या. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, आणि सणासाठी सरकार 12 पर्यंतची सूट देऊ शकतं ती वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. त्याच्या पुढे आवाज असेल तर 112 ला फोन करा, त्यात सणाविरुद्ध काही नाही, तुमच्या घरात झोपेला आलेलं लेकरू आहे.

अजून एक, रस्ता बंद व्हायच्या दिवशीच मुलाला कॅलेंडरवर दाखवा की या तारखेला परत उघडणार. शेवटच्या दिवशी जे आवरायचं असतं त्यात त्याला घ्या, माळा काढायच्या, दोरी गुंडाळायची, गोडाऊनमध्ये ठेवायची. छोटूला मिरवणुकीच्या धावपळीत कोणी बोलावलंच नव्हतं, दोरी कुठे गेली हेही त्याला माहीत नव्हतं. आणि सण संपून दोन आठवडे झाले तरी मूल जेवत नसेल, शाळा टाळतच असेल, किंवा मरायच्या, नको झालंय अशा गोष्टी बोलत असेल तर सणाचा थकवा म्हणून सोडून देऊ नका, आणि तसं बोलणं आलं तर दोन आठवडेही थांबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात.

परवा छोटूच्या आईचा मेसेज आला. वर्गणीची पावती घेऊन मंडळाचे लोक आले होते, आणि छोटूने त्यांना दारातच विचारलं की यंदा दोरी नायलॉनची नको, सुती आणा, चाकाखाली कमी घसरते. वाड्यातल्या आजोबांचा डायलिसिसचा वार बदललाय, तेही त्याने सांगून टाकलं. आणि आईने विचारलंय की युनिट टेस्टचं टाइमटेबल लागलंय, पहिला पेपर गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तर दोरीची वेळ साडेसहापर्यंत ठेवली तर चालेल का. मी म्हणलं त्यालाच विचारा, आणि त्या दादालाही.