पासपोर्ट किती वर्षांत मिळतो, असं विचारलंस म्हणून

"ताई, ब्रिटिश पासपोर्ट नक्की किती वर्षांत मिळतो? आणि लेक दुसरीत आहे, तिच्या शाळेचं कसं होईल?" एवढंच तू विचारलं होतंस. तुझ्या मावशीला मी म्हणाले, पाठवते तिला दोन ओळी. पण लिहायला बसले आणि ते दोन ओळींत मावेना.

नियम सरकारच्या साइटवर आहेत, ते मी उतरवून काढत नाही. आधी व्हिसावर काही वर्षं, मग आयएलआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, त्यानंतर सहसा एक वर्ष थांबून नागरिकत्वाचा अर्ज. आमच्या वेळी आयएलआरला पाच वर्षं लागायची. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि पाचाची दहा करायचं म्हटलं, तेव्हापासून कोणाला किती यावर घोळ चालू आहे. एजंट 'पाच अधिक एक, सहा वर्षांत पासपोर्ट' असं छातीठोक सांगत असेल तर त्याच्यावर विसंबू नकोस. सही करशील त्या दिवशी नियम काय आहे ते स्वतः वाच. दहा वर्षं धरली तर तुझी लेक सतरा वर्षांची होईल, हे आत्ताच मनात घे.

पैशांचंही तसंच. तू नर्स म्हणून हेल्थ अँड केअर व्हिसावर येणार, त्यामुळे आरोग्य अधिभार, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, तुम्हा तिघांनाही नाही. आम्ही २०१५ साली आलो तेव्हा तो नुकताच सुरू झाला होता, माणशी वर्षाला २०० पौंड. आता मोठ्या माणसाला १,०३५ आहे. पण आयएलआरची फी तुलाही चुकणार नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती माणशी ३,०२९ पौंड झाली होती, आणि मुलांनाही तेवढीच. नागरिकत्वाचे तेव्हा १,७३५ होते, लहान मुलांचे १,२१४. हॉस्पिटल तुझा व्हिसा काढून देईल, पण पुढे तुमच्या तिघांच्या आयएलआरचे पैसे कोण भरणार हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचार. लाजू नकोस. आपल्याकडच्या मुली पगाराचंसुद्धा विचारायला लाजतात.

आता शाळा.

आम्ही आलो तेव्हा माझी लेक सात वर्षांची होती, म्हणजे तुझीएवढीच. नोव्हेंबर महिना, शाळा सप्टेंबरातच सुरू झालेल्या. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलाने कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे जायचं. घराजवळच्या शाळेचा मधल्या सुट्टीतला गलका आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि जागा मिळाली ती बस बदलून जायच्या शाळेत. ते ठीक आहे. इयत्ता वयावरून ठरते, तिथे पहिली-दुसरीचं प्रगतिपुस्तक कोणी बघत नाही. ती थेट इयर थ्रीमध्ये गेली. त्याचंही काही नाही.

सलतं ते पुढचं. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असा रकाना होता. मराठी लिहिलं, दुसरं काय लिहिणार? तेवढ्यावरून तिला रोज सकाळी वर्गाबाहेर, कोट टांगायच्या खुंट्यांखाली मांडलेल्या बुटक्या टेबलाशी बसवायला लागले. समोर चित्रांची कार्डं. सफरचंद, छत्री, मांजर. साताऱ्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत असताना ही मुलगी जेवताना ताटाशेजारी जाडजूड गोष्टींचं पुस्तक उघडून बसायची, त्यावरून माझा ओरडा खायची. आणि इथे तिने शहाण्यासारखं 'ॲपल' म्हणायचं आणि बाईंनी टाळ्या वाजवायच्या. घरी काही बोलली नाही. पेरेंट्स इव्हिनिंगला आपल्या वाट्याला दहा मिनिटं येतात. त्या दहा मिनिटांत बाई म्हणाल्या, फार गोड मुलगी आहे, खूप शांत. शांत! ही झोपेतसुद्धा बडबडते. ईस्टरनंतर एका बदली शिक्षिकेने तिला लायब्ररीच्या कोपऱ्यात एकटीच वाचताना पाहिलं, तेव्हा त्या टेबलावरून सुटका झाली.

त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याच महिन्यांत तिने शाळेच्या फाटकापाशी माझ्याशी मराठी बोलायचं बंद केलं. मी 'डबा संपवलास का' विचारायचे, ती इंग्रजीत काहीतरी पुटपुटायची, आणि बसमध्ये चढून बाकीच्या आया मागे पडल्या की मग मराठी सुरू. नंतर बसमध्येही नाही. यंदा तिची ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी आहे. मागे एकदा मी म्हटलं, बघ, जीसीएसईला (म्हणजे इथल्या दहावीला) गुजराती आहे, बंगाली, पंजाबी, उर्दू आहे, मराठी तेवढी नाही. असती तर घेतली असतीस का? 'प्रॉबेबली नॉट, आई,' म्हणाली, आणि वर हसली. आता तू म्हणशील, ताई, मी पासपोर्टचं विचारलं होतं. हो, पण माझ्या डोक्यात हे दोन्ही एकाच फाइलमध्ये आहे.

तू येताना लेकीच्या वह्या आण, ती आत्ता वाचत असलेलं पुस्तक आण, आणि पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन तिचं वाचन तपासायला सांग. भाषेच्या रकान्यात मात्र मराठीच लिही.

आयएलआरसाठी द्यायच्या 'लाइफ इन द यूके' या ब्रिटनच्या माहितीच्या परीक्षेला घाबरू नकोस. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर आले की पास, आणि आठव्या हेन्रीच्या बायका लक्षात ठेवल्या की बरंच काम होतं. परीक्षेच्या पुस्तकात शेख दीन मोहम्मद आहे, १८१० साली लंडनमध्ये पहिलं करी हाउस काढणारा. माझी लेक माझी उजळणी घ्यायची तेव्हा तो प्रश्न मला दर वेळी विचारायची, कारण तो मला येतो हे तिला माहीत होतं.

खरा छळ प्रवासाच्या तक्त्याचा. नागरिकत्वाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांत देशाबाहेर गेल्याची प्रत्येक तारीख लिहायची असते. पाच वर्षांत मिळून ४५० दिवसांहून जास्त बाहेर नको, शेवटच्या वर्षात ९० हून जास्त नको, आणि अर्ज पोचेल त्या दिवसाच्या बरोबर पाच वर्षं आधी तुम्ही इथेच असायला हवं. इथून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. मुंबईला मारतात, पण तो एकावर एक, शाई संपत आलेला. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसलो होतो. हा शिक्का वन्संच्या लग्नाचा की त्यानंतरच्या दिवाळीचा, यावरून भांडण. शेवटी लग्नाचे फोटो काढून तारीख लावली. तू पहिल्या दिवसापासून वहीच घाल.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस, पण सगळे विचारतात. असतो. दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा जास्त असतो. कामाला लागलं की कमी होतो. लंडनला डॉलिस हिलमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. गणपतीत जमलं तर जाऊन ये. बास, याहून त्याला जास्त जागा देऊ नये.

पण अर्जात रेफरी नावाचा प्रकार आहे तो सांगते. तुम्हाला निदान तीन वर्षं ओळखणारी दोन माणसं हवीत. एक कुठल्यातरी व्यवसायातला, म्हणजे शिक्षक, अकाउंटंट असा, तो कुठल्या का देशाचा असेना. दुसरा ब्रिटिश पासपोर्टवाला. दोघंही नात्यातले चालत नाहीत. ह्यांचा पहिला लगेच मिळाला. दुसऱ्यासाठी आम्ही यादी करायला बसलो आणि कागद कोराच राहिला. ऑफिसातली माणसं बदललेली, मित्र म्हणावेत ते सगळे आपल्यासारखेच, आयएलआरच्या रांगेतले. इतक्या वर्षांत कोणाच्या घरी उठून गेलो होतो आपण? शेवटी शेजारच्या आजींना विचारलं. त्यांच्याशी आमचं बोलणं मुख्यतः कचऱ्याच्या डब्यांवरून, आज हिरवा की काळा. त्या लगेच हो म्हणाल्या. आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्यांनी फॉर्म भरला. आणि मध्येच थांबून विचारलं, तुमचं आडनाव कसं लिहायचं? आणि तुम्ही नक्की काम काय करता? तीन वर्षं ओळखते यावर सही केली. खोटं नव्हतं ते. ह्यांनी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि बराच वेळ भांडी घासत राहिले, मशीन असताना.

मग मे २०२२ मध्ये समारंभ झाला. ह्यांनी राणीच्या निष्ठेची शपथ घेतली, लेकीचं नागरिकत्वही त्याच सुमाराला झालं. (सप्टेंबरात राणी गेली. हे म्हणाले, माझी शपथ आता कोणाकडे?) मी अर्ज केला नव्हता. आधी एकाचं होऊ दे, फी केवढी, असं आमचं ठरलं होतं.

आता हे नीट वाच, हे तुला कोणी सांगणार नाही. समारंभ झाला त्या क्षणी माणूस ब्रिटिश होतो आणि आपल्या कायद्याने त्याच क्षणी भारतीय राहत नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे खिशातल्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करता येत नाही, आणि ब्रिटिश पासपोर्ट अजून हातात नसतो. तो यायचा, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येता यावं म्हणून मिळतं ते. मोठ्या माणसाचा पहिला पासपोर्ट तातडीच्या सेवेत मिळत नाही. त्या उन्हाळ्यात तर दहा आठवडे धरून चाला असंच सांगत होते, आणि ब्रिटिश नागरिकांना भारताचा ई-व्हिसाही बंद होता, तो डिसेंबरात परत सुरू झाला.

जुलैत सासरे गेले. झोपेतच.

हे जाऊ शकले नाहीत. जुन्या पासपोर्टवर गुपचूप जाणारे लोक आहेत, मित्रांनी सुचवलंही, पण हे त्यातले नाहीत. मी गेले, घरात तेवढाच एक चालणारा पासपोर्ट होता. अग्नी धाकट्या भाऊजींनी दिला. थोरला कुठे आहे असं प्रत्येक जण विचारायचा आणि मी प्रत्येकाला नागरिकत्वाचा कायदा समजावत बसायचे. एक म्हातारे काका सगळं ऐकून म्हणाले, म्हणजे सरकारने सोडलं नाही का त्याला? मी हो म्हटलं. सोपं पडलं.

म्हणून सांगते, समारंभाचं बोलावणं आल्यापासून तीन महिन्यांत शपथ घ्यायची मुभा असते. घरी कोणी अंथरुणावर असेल तर त्या तीन महिन्यांत आधी जाऊन ये, भेटून ये, मग शपथेला उभी राहा.

तेव्हापासून मी म्हणते, घरात एक तरी भारतीय पासपोर्ट असावा. खरं तर या म्हणण्यात आता दम नाही. ह्यांचं ओसीआय केव्हाच आलं, आज रात्री विमान पकडतील. माझी जाऊबाई तोंडावर म्हणते, तुला सातबाऱ्याची काळजी. तसंही नाही. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने येणारी येते, आणि माझ्या वाट्याला येणारे चार वाफे काही कोणी नाकारणार नाही. मतदान म्हणावं, तर तिथेही गंमत. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे आपल्याला इथे व्हिसावर असतानाही मत देता येतं (आल्या आल्या नाव नोंदव). ४ जुलै २०२४ ला मी केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट दाखवून ब्रिटनच्या निवडणुकीत मत दिलं. त्याच नोव्हेंबरात आपल्या विधानसभेला नाही देता आलं, कारण त्यासाठी स्वतः केंद्रावर हजर असावं लागतं.

इथे स्विंडनला गोव्याची माणसं भरपूर. १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. ब्रेक्झिटच्या आधी तो घेऊन ही मंडळी व्हिसाशिवाय सरळ येऊन राहिली. माझ्या ओळखीची एक मडगावची बाई आहे. तिला मी माझं हे सगळं ऐकवलं, तर ती म्हणाली, बाई, आम्ही भारतीय पासपोर्ट कधीच देऊन टाकला, आणि दर वर्षी चर्चच्या फेस्ताला घरीच असतो. तू कागद सांभाळून वर्षातून किती वेळा जातेस? मला राग आला तिचा. उत्तरही नव्हतं.

कारण मी अजून आयएलआरवरच आहे, आणि त्याची मेख अशी आहे, की सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिलात तर तो संपतो. आई साताऱ्याला एकटी आहे. मागच्या वेळी तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा राहिले तर माझी ९० दिवसांची मोजणी कोलमडली. उद्या तिच्याजवळ जाऊन खरंच राहायचं ठरवलं, वर्ष, दोन, तीन, आणि तरी लेकीकडे परत यायची वाट उघडी ठेवायची, तर मला ब्रिटिश व्हायला लागेल. घरी जाऊन राहता यावं म्हणून. हे मी आईला फोनवर समजावलं, तर ती म्हणाली, मग करून टाक की, माझं काय विचारतेस? ह्यांनी फी बाजूला काढून ठेवली आहे. फॉर्म मी दोनदा उघडला.

तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मी आलेच असते, आलेच होते. तुझं ब्रिस्टलचं पक्कं झालं की कळव. पॅडिंग्टनहून ब्रिस्टलला जाणारी गाडी स्विंडनवरूनच जाते, तासाभरात इथे. पहिले दोन दिवस आमच्याकडे राहा, कौन्सिलचा शाळेचा अर्ज आपण इथूनच भरू.